लेटिस नावाच्या तिघी

माझ्या आईला तीन प्रिसिला झाल्या. पहिली घशाच्या तापानं गेली, दुसरी पाळण्यातच गेली आणि तिसरी मी. आमच्या मेरीलँडमध्ये हे घरोघरी चालतं. मूल गेलं की त्याचं नाव रिकामं होतं, आणि घराण्यातलं चांगलं नाव वाया कशाला घालवायचं म्हणून ते पुढच्या मुलाला मिळतं. चर्चमागे माझ्या नावाच्या दोन कबरी आहेत. लहानपणी मी त्यांच्यावर बसून सफरचंदं खायची.

माझी खानावळ कोर्टाच्या बरोबर समोर आहे. नवरा वारल्यापासून मी ती एकटी चालवते. डनबाईची जीभ तिच्या सुरीपेक्षा धारदार आहे असं गिऱ्हाइकं म्हणतात, ते माझ्या कानावर आहे. म्हणोत बापडी. कोर्टाची बैठक भरली की वकील, साक्षीदार, ज्यूरीत बसणारे तंबाखूचे मळेवाले, सगळ्यांना जेवायला माझ्याच दारात यावं लागतं.

मिंटा माझ्याकडे वर्षाच्या बोलीवर कामाला होती. नदीकाठच्या ॲम्ब्रोज हॉलिसची ती गुलाम. राबायची ती आणि मजुरी जायची हॉलिसच्या खिशात. बाविशी-तेविशीची उंच पोर, कामाला वाघ, बोलायला महाकंजूष. तिची लहानगी लेटिस, आम्ही तिला लेटी म्हणायचो, हॉलिसच्या मळ्यावरच सुकी नावाच्या म्हाताऱ्या काळ्या स्वयंपाकिणीजवळ असायची. दर रविवारी मिंटा माझी परवानगीची चिठ्ठी घेऊन तिला भेटायला चालत जायची. त्या दिवशी माझ्या कोठीतला काकवीच्या केकचा एक तुकडा हटकून नाहीसा व्हायचा. मी विचारायचं सोडून दिलं होतं.

सुरुवात झाली ती जेवणाच्या टेबलावर. वकील क्रेल डुकराच्या मांडीवर ताव मारत शेजाऱ्याला शेजारच्या परगण्यातल्या एका खटल्याची गोष्ट सांगत होता. तिथला एक गुलाम सुटला होता, कारण त्याच्या आईची आई मोकळी गोरी बाई निघाली. आमचा कायदा तसाच आहे. बाप कोणी का असेना, आई मोकळी तर मूल मोकळं, आई गुलाम तर मूल गुलाम.

मिंटानं वाटाण्याचं भांडं टेबलावर ठेवलं आणि तिथंच उभी राहिली.

"माझी पणजीपण गोरी होती," ती म्हणाली. "मार्जरी कॉइन. आयर्लंडहून आलेली."

क्रेलचा घास हातातच राहिला. "बापाकडून का आईकडून?"

"आईची आई लेटिस. तिची आई मार्जरी. हॉलिसच्या वडिलांकडे करारावर चाकरीला होती. तिचा नवरा तिथलाच गुलाम."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"आईनं. तिला आजीनं. आमच्यात मूल बोलायला लागलं की पहिलं हेच पाठ करून घेतात. माझ्या लेटीलापण येतं."

"आणि आजवर तोंड शिवून बसली होतीस?" मी म्हणाले.

"आजवर कुणी विचारलं होतं, बाई?"

क्रेल तरुण होता आणि त्याला नाव कमवायचं होतं. त्यानं खटला घातला. कोर्टानं हॉलिसकडून हमी लिहून घेतली, की निकाल लागेपर्यंत मिंटाला परगण्याबाहेर काढायचं नाही. मी क्रेलला विचारलं, "आणि लेटीचं काय?" तो म्हणाला, "आधी आईला सुटू द्या, डनबाई. आई सुटली की मूल आपोआप सुटतं. दोन नावं घातली तर हॉलिस दुप्पट भडकेल." हॉलिस एका नावानंही पुरेसा भडकला होता. खटला हरली की आई आणि पोर दोघींना जॉर्जियाच्या व्यापाऱ्याला विकून टाकीन, असं तो माझ्याच दारात उभा राहून चारचौघांत बोलला.

आता हे मूळ शोधायचं कसं? मिंटाची आई आणि आजी दोघी मातीखाली गेलेल्या. सुकीनं आजीला आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं, मार्जरीच्या हातचं खाल्लेलं, तिला सगळं माहीत. पण गोऱ्याविरुद्ध काळ्याची साक्ष आमच्या कोर्टात चालत नाही. सुकीनं शंभर वेळा शपथ घेतली असती तरी ती हवेत गेली असती. गोरं तोंड हवं होतं, आणि ज्यांनी मार्जरीला पाहिलं अशी गोरी तोंडं एकेक करून चर्चमागे जाऊन निजली होती.

वसंतातल्या बैठकीत हॉलिसनं आपला साक्षीदार आणला. ओबेड स्टाइल्स, आमच्या चर्चचा म्हातारा कबरी खणणारा. सरळ माणूस, उभ्या जन्मात खोटं बोललेला नाही. त्यानं बायबलवर हात ठेवून सांगितलं, "मार्जरीची लेटिस मी पुरली. मी पोरगा होतो, बापाबरोबर खणायला गेलो होतो. जमीन गोठलेली होती. एवढीशी पेटी होती." त्यानं हातानं लांबी दाखवली.

हॉलिसचा वकील म्हणाला, "म्हणजे मार्जरीची मुलगी तान्हेपणीच गेली. मग या मुलीची आजी लेटिस ही कोण? ती हॉलिसच्या वडिलांनी बाजारात विकत घेतलेली दुसरीच कुणीतरी."

क्रेलनं मुदत मागितली आणि कोर्टानं खटला शरदातल्या बैठकीवर टाकला.

संध्याकाळी ओबेड माझ्याकडेच जेवायला आला. कुठं जाणार? मी त्याच्यापुढं कालवांचं कालवण आदळलं.

"रागावलीस," तो म्हणाला. "मी खरं तेच सांगितलं, प्रिसिला."

"कुठली प्रिसिला?" मी म्हणाले. मला एकदम लख्ख दिसलं. "ओबेड, तुझ्या आधी घरात किती ओबेड होते?"

"एक. उन्हाळ्यात जुलाब लागून गेला. मग मी."

"मग मार्जरीची एक लेटिस गेल्यावर तिनं पुढचीचं नाव काय ठेवलं असेल?"

त्याचा चमचा थांबला. साठ वर्षं कबरी खणलेला माणूस, मेलेल्याचं नाव जिवंताला देताना हजार वेळा पाहिलेला, आणि कोर्टात उभं राहिल्यावर हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच्याच काय, आम्हा कुणाच्याच नाही. माशाला पाणी दिसत नाही तसं झालं होतं.

"असेल तसं," तो म्हणाला. "पण दुसरी लेटिस मी पाहिलेली नाही. त्या हिवाळ्यानंतर बापानं मला नदीपलीकडं शिकायला ठेवलं. न पाहिलेलं कसं सांगू?"

"नको सांगूस. जेव."

मिंटा शेगडीपाशी भांडी घासत होती. तिकडूनच म्हणाली, "आजी एक गोष्ट सांगायची. धन्यानं माझं अर्धं दूध प्यायलं म्हणून मी अशी बुटकी राहिले, म्हणायची. आम्ही हसायचो."

"कुठल्या धन्यानं?"

"याच. ॲम्ब्रोजसाहेबांनी. त्यांची आई बाळंतपणात आजारी पडली, तर मार्जरीनं त्यांना पाजलं."

मी ओबेडकडे पाहिलं, ओबेडनं माझ्याकडे. हॉलिस ओबेडपेक्षा बराच लहान. पहिली लेटिस गेल्यावर तीनेक वर्षांनी जन्मलेला. त्याला पाजायला मार्जरीला दूध आलं, म्हणजे तिच्या मांडीवर तेव्हा स्वतःचं मूल होतं. आणि ते बघितलेलं एक गोरं तोंड अजून जिवंत होतं. हॉलिसची थोरली बहीण अर्सुला.

अर्सुलाबाई पलीकडच्या काठावर लेकीकडे राहायच्या. मी होडीनं गेले. बाई ओसरीवर बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होत्या. तोंडात चिलीम आणि कपाळावर कायमची आठी.

"अर्सुलाबाई, तुमच्या भावाला अंगावर कुणी पाजलं?"

"मार्जरीनं. आईला ताप चढला होता. एवढं विचारायला नदी ओलांडलीस होय? घरी काम नाही वाटतं."

"मार्जरीला दूध कुठून आलं?"

"सगळ्या बायांना येतं तिथूनच."

"मग तिचं मूल कुठं होतं?"

शेंग हातात राहिली. बाईंनी चिलीम काढून बाजूला ठेवली.

"दुसऱ्या बाजूला," त्या म्हणाल्या. "एकीकडं ॲम्ब्रोज, एकीकडं लेटिस. मी खाली पायरीवर बसून बघायची. लेटिस होती किडमिडी. आमचा ॲम्ब्रोज हावरा, आपलं संपवून तिच्यात तोंड घालायचा. मार्जरी त्याला टपली मारायची, हळूच, आई बघत नाही असं बघून." त्या स्वतःशीच हसल्या. मग हसू मावळलं. "तू मिंटाच्या खटल्यासाठी आलीस."

"हो."

"माझ्या पाठच्या भावाविरुद्ध मी बोलायचं?"

"भावाविरुद्ध नका बोलू. पायरीवर बसून काय पाहिलंत तेवढं बोला."

"फार शहाणी आहेस."

मी गप्प बसले. मला गप्प बसणं जमत नाही, पण त्या दिवशी जमवलं. बाईंनी परत शेंगा घेतल्या आणि टोपली अर्धी होईपर्यंत माझ्याकडं बघितलं नाही.

"बायबलवर हात ठेवून विचारलं तर मी खोटं बोलणार नाही," शेवटी त्या म्हणाल्या. "आता या वयात नाही. मला लवकरच वर जायचंय, आणि तिथं मार्जरी भेटेल."

परतताना होडीत मला रडू आलं. आनंदानं आलं. मिंटाला सांगितलं तेव्हा तिनं फक्त हात पुसले आणि विचारलं, "त्या नक्की येतील ना, बाई?" त्या रविवारी लेटीसाठी अख्खा केक मीच बांधून दिला.

बैठकीच्या आधीचे दोन रविवार हॉलिसनं मिंटाला फाटकातूनच परत पाठवलं, खटला संपेपर्यंत मळ्यावर पाय ठेवायचा नाही म्हणाला. शरदातल्या बैठकीला अर्सुलाबाई आल्या. काळा पोशाख, काठी, हाताला धरायला जावई. कोर्ट गच्च भरलं होतं. त्यांनी ओसरीवर मला सांगितलं तेच सांगितलं, एक अक्षर कमी नाही.

"दोन बाळं तुम्ही स्वतः पाहिलीत?" क्रेलनं विचारलं.

"रोज पाहिली. नंतर ती लेटिस मोठी झाली, तिला डायना झाली, डायनाला ही. मी सगळ्यांना ओळखते. बाजारातून घेतलेली वगैरे कुणी नव्हती. आमच्या ॲम्ब्रोजनं तिचं अर्धं दूध प्यायलंय. अंगानं कसा भरलाय बघा, त्यातलं थोडं तिचं आहे."

ज्यूरीतले तंबाखूवाले खो खो हसले. न्यायाधीशालाही खोकल्याचं सोंग करावं लागलं. हॉलिसच्या वकिलानं उठून विचारलं, भावाशी तुमचं काही वाकडं आहे का?

"वाकडं कशाला असेल? मी त्याला पंधरा दिवस आधी जावयाबरोबर निरोप धाडला, की बाबा, मी खरं सांगणार आहे, तुला आवडणार नाही. आमच्या घरात पाठीमागून कुणी काही करत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. बाईंचा सरळपणा सगळ्यांना आवडला. मलाही आवडला. मी हॉलिसकडे पाहिलं. वाटलं होतं, तोंड काळंठिक्कर पडलं असेल. तो मात्र शांतपणे हातमोज्यांची बोटं ओढत बसला होता.

ज्यूरीला फार वेळ लागला नाही. मिंटा मोकळी ठरली.

बाहेर लोक तिच्याभोवती जमले, पण ती कुणाशी बोलायला थांबली नाही. "लेटी," एवढंच म्हणाली. मी गाडी जोडली आणि आम्ही थेट हॉलिसच्या मळ्यावर गेलो. तो आमच्या आधी पोचला होता. टोपी हातात घेऊन पायऱ्या उतरून खाली आला, आणि हे त्यानं मिंटासाठी कधी केलं नव्हतं.

"वाईट झालं," तो म्हणाला. "घशाचा ताप. गेल्या आठवड्यात गेली पोर. तुझा खटला चालू, म्हणून कळवलं नाही."

तंबाखू वाळवायच्या कोठारामागं मातीचा एक छोटा ढिगारा होता. वर दोन काटक्या बांधून क्रूस केलेला.

"सुकी कुठं आहे?" मी विचारलं.

"तिला वरच्या मळ्यावर पाठवलीय. तिथं स्वयंपाकाला माणूस नव्हतं."

मिंटा ढिगाऱ्यापाशी बसली. रडली नाही. मातीवर हात ठेवून बसली, आणि मीच तिला उठवून गाडीत घातलं. माझं तोंड, ज्याला सगळा गाव घाबरतो, त्यातून त्या माणसाला एक शिवी निघाली नाही. खरंच ताप आला असेल तर? त्या वर्षी ताप होताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिंटा ओबेडच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मला तिला चर्चमागं न्यायचंय," ती म्हणाली. "मोकळ्या आईची पोर आहे. कोठारामागं नाही राहणार ती."

ओबेडनं मुकाट्यानं फावडं घेतलं आणि वाटेत माझ्या दारावर थाप मारली. हॉलिस गावात नव्हता. मुकादम आडवा आला तेव्हा ओबेड म्हणाला, "मी चर्चचा माणूस आहे. मेलेल्याला अडवणार असशील तर तसं पाद्र्याला येऊन सांग." मुकादम बाजूला झाला.

ओबेड खणत गेला, मिंटा हातांनी माती मागं ओढत गेली. दोन वितींवर फावडं अडलं. खाली पिवळी चिकणमाती, कधी कुणी न हलवलेली. त्यानं तरी चारी बाजूंनी टोचून पाहिलं.

"यात कुणी नाही," तो म्हणाला. मग तिथंच काठावर बसला. "त्या खऱ्या कबरीनं मी तुझा घात करत होतो, पोरी. आणि ही बघ, खोटी."

मिंटा हसली. त्या सगळ्या वर्षात मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हाच, रिकाम्या खड्ड्यात गुडघ्यांवर बसून, कोपरापर्यंत मातीनं माखलेली. मला आधी कळलं नाही ही कशाला हसते, आणि कळल्यावर मला तिच्याकडे बघवेना.

सुकीला आम्ही वरच्या मळ्यावर गाठलं. आम्हाला पाहून तिनं ॲप्रन तोंडावर घेतला.

"अर्सुलाबाईंचा निरोप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याची गाडी आली," ती म्हणाली. "पोर पोत्यांवर झोपली होती. मी म्हटलं, उठवू नका, रडेल. तिला उठवलं नाही त्यांनी. तशीच नेली."

"मावशी, तिला नावं म्हणता येत होती?" मिंटानं विचारलं.

"सगळी. मार्जरी, लेटिस, डायना, मिंटा, मी लेटिस. रोज निजताना म्हणायची."

मी अर्सुलाबाईंना हे कळवलं. लेकीनं सांगितलं की त्या दिवसापासून बाईंनी चिलीम सोडली. पुढं त्या फार जगल्या नाहीत. त्यांच्यावर राग धरावा असं मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं आणि ते होईना. सगळा राग हॉलिसच्या वाटणीला गेला. त्याच्यावर क्रेलनं दावा लावला. हॉलिस म्हणाला, मिंटाबद्दल हमी दिली होती, ती पाळली. पोरीबद्दल कुणी मागितलीच नव्हती. क्रेलनं मान खाली घातली ती बराच काळ वर केली नाही. कायद्यानं लेटी मोकळी होती. फक्त ती कुठं आहे ते कायद्याला ठाऊक नव्हतं. क्रेलनं पदरमोड करून जॉर्जियापर्यंत जाहिराती छापल्या आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीवानाला मी जेवण वाढता वाढता विचारलं. जॉर्जिया मोठं आहे, आणि तिथं त्या वयाच्या पोरी पुष्कळ विकल्या गेल्या होत्या.

मिंटा माझ्याकडेच राहिली, आता स्वतःच्या मजुरीवर. काही वर्षांनी पेरी नावाच्या मोकळ्या काळ्या नावाड्याशी तिनं लग्न केलं. त्यांना मुलगी झाली. ती हुबेहूब लेटीसारखी होती, तीच हनुवटी, तेच कान. आम्ही सगळे मनात धरून बसलो होतो की हिचं नाव लेटिस. ओबेडनं तर लाकडाचा पाळणा केला आणि त्यावर त्या नावाचं पहिलं अक्षर कोरून आणलं.

बाप्तिस्म्याच्या दिवशी नवे पाद्री होते. त्यांना थोडंफार ऐकून माहीत होतं. त्यांनी पाण्यात बोटं बुडवली आणि मायेनं म्हणाले, "लेटिसच ना?"

"नाही," मिंटा म्हणाली. "मार्जरी."

पाद्री थांबले. पेरीनं तिच्याकडे पाहिलं. मी मागून हळूच म्हणाले, "अगं, पहिलीचं नाव ठेव. तुझ्या जिवाला बरं वाटेल. आपल्याकडे ठेवतातच."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

"बाई, एक दिवस माझी पोर कुठल्यातरी कोर्टात उभी राहील आणि म्हणेल, मी मिंटाची लेटिस. तेव्हा इथून कुणी उठून म्हणायला नको, मिंटाची लेटिस तर आमच्या गावात आहे, आधीची मेली."

ओबेड त्या पाळण्यावरच्या अक्षरावर हात ठेवून उभा होता.

"ते नाव रिकामं नाही, पाद्रीबाबा," मिंटा म्हणाली, आणि तिनं बाळ पुढं केलं. "घाला पाणी. मार्जरी."